नागाच्या शेजारची बरणी

कापगते मामा सापांच्या बरण्या डोळे मिटून पुसायचे. १९९९ साली जंगलाकाठच्या गोरेगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला रुजू झालो, तेव्हा पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि दारातच थबकलो. प्रयोगशाळेचे हे परिचर एकेका बरणीवर बोटं फिरवत पुटपुटत होते, "हा नाग. हे धामन. हे त्याची कोनी नोहोय." माणूस जरा सरकलेला असावा, असं वाटून मी चहाला निघून गेलो.

माझा विषय मासे. पण आव सगळ्याचाच आणायचा, हा नव्या मास्तरांचा धर्म. मी नात्यागोत्याप्रमाणे बरण्या लावायला घेतल्या. एका बरणीवर चिठ्ठी नव्हती. आत फॉर्मलिनने रंग उडालेला, फिकट पट्ट्यांचा साप. "कवड्या," मी बेधडक म्हणालो आणि ती बिनविषारी सापांत, धामणीजवळ ठेवली. दुसऱ्या सकाळी ती नागाच्या शेजारी होती. मी परत हलवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा नागाजवळ. खोलीची किल्ली आम्हा दोघांकडेच, हे ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"मामा, हे काय चाललंय?"

"तुमी चेहरा पाहून राहिले, सर. चेहऱ्यानं नातं समजते का जी?"

"अहो, पट्टे बघा! कवड्याच आहे."

"मंग मिटा डोरे."

त्यांनी साप ट्रेमध्ये काढला आणि माझं बोट धरून त्याच्या कण्यावरून फिरवलं. त्यांचा हात सापाहून गार होता. कण्यावरचे खवले बाजूच्यांपेक्षा मोठे, षट्कोनी लागत होते. कवड्याला तसे नसतात. ही मण्यार होती, नागाच्या कुळातली, नागाहून जहाल. मी डोळे उघडले, तर मामांचे मिटलेलेच.

"माझ्या बायकोच्या अंथरुनात निंगला हा. पोटात दुखते म्हने. दात लागल्याचं तं दिसेना. गावात सापाचं मलेच पुसत. म्या म्हनलो, कवड्या हाये, झोपू द्या तिले." साप बरणीत परत सोडत ते म्हणाले, "झोपलीच मंग."

माझ्या तोंडून सांत्वनाचं ठरलेलं वाक्य गेलं, "मामा, अशी चूक कोणाचीही झाली असती."

"झाली असती काऊन म्हनता जी? आत्ताच झाली ना तुमची."

त्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली. इतकी वर्षं ती त्यांनी लिहिली नव्हती. स्वतःच्या शब्दावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. चिकटवून झाल्यावर ती त्यांनी रिकाम्या बाकाकडे तोंड करून मोठ्याने वाचली, "मण्यार. आयकली का वो?" भर दुपार होती, बाहेर मुलं गोंगाट करत होती. त्या बाकाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

निवृत्त होऊन मामा चोरखमाऱ्याकडच्या आपल्या गावी गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मला त्यांची फार आठवण येते. आता लोक मारलेला साप माझ्याकडे आणतात. मी नाव सांगतो, पण "झोपू द्या" असं आजवर कुणाला म्हणालो नाही. भित्रा मास्तर म्हणतात मला. म्हणोत. परवा एकाने बायकोला चावलेली धामण आणली. धामणच होती, शंकाच नव्हती. तरी त्याच्या बायकोला दवाखान्याच्या जीपमध्ये बसवूनच मी घरी आलो.