मजलिसमधली वाकडी चिमणी

"मुहंदिसा, धुआँ बाहर जाना चाहिए ना?" अबू सालेम खोकत होते, पण विचारलं अगदी सभ्यपणे. मुहंदिसा म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणजे मी. आणि धूर त्यांच्या नव्याकोऱ्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, पाय पसरून बसला होता.

नात विचारते, "आजी, हू पुट्स अ वूड स्टोव्ह इन द डेझर्ट?" अगं, नव्वदच्या दशकात ज्याला परवडतं तो. अबू सालेम ऑस्ट्रियात लाकडी घर आणि त्यातला लाकडं जाळायचा स्टोव्ह बघून आले होते. तस्संच दुबईकडच्या हत्ताच्या डोंगरात हवं होतं.

मी अबुधाबीच्या कन्सल्टन्सीत प्रोबेशनवर. तोवर फक्त एसीचे डक्ट काढलेले. तोरा मात्र असा, की चिमणीचा शोध आमच्याच घराण्यात लागला. स्टोव्हच्या नेमका वर छपराचा वासा आला. बाईंनी काय करावं? डक्टला देतात तशी पाइपला दोन वळणं दिली, वाशाला खेटून वर नेला, शिवाय ग्लासवूलमध्ये, म्हणजे काचेच्या लोकरीत, घट्ट गुंडाळला. थंड डक्टला घाम सुटू नये म्हणून गुंडाळतात. तापलेल्या चिमणीला कसली हुडहुडी भरणार होती, देव जाणे!

आमचे बॉस कुरियनसाहेब शिडीवर चढले. सीलिंगची फळी काढून वाशाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मॅडम, थोड़ा और जलाते तो छत का बार्बेक्यू हो जाता. ये चिमणी है या जलेबी?"

"सर, डक्ट तो ऐसे ही..."

"डक्ट में पंखा हवा को धक्का देता है. इधर कौन देगा? आप?"

चिमणीतला धूर गरम असतो, एवढ्याच बळावर वर चढतो. वळणावर रेंगाळला की घरात परततो. म्हणून पाइप सरळ हवा, आणि लाकडापासून चारी बाजूंनी सुटा.

साहेब खाली उतरून पुटपुटले, "ईद के मेहमान आने से पहले ठीक करो. नहीं तो प्रोबेशन खलास." म्हणजे व्हिसा खलास, आणि मी सांगलीला.

वासा कापायचा, तर त्याचा भार शेजारच्या वाशांवर घालायला आडवी लाकडं ठोकायची. त्यासाठी अर्धं छप्पर उतरवायचं. वेळ नव्हता. स्टोव्ह दोन फूट सरकवला तर पाइप दोन वाशांमधून सरळ वर जाणार होता. पण स्टोव्ह भिंतीच्या मधोमधच हवा, यावरून अबू सालेम हटेनात.

"बीच में मतलब बीच में!"

"बाबा, ईद को सबसे बड़ा मेहमान किधर बैठेगा?"

"बीच में. दरवाज़े के सामने."

"फिर उसका पीठ भूनने का है क्या?"

त्यांनी कपातला कावा, म्हणजे अरबी कॉफी, संपवला. भिंतीकडे पाहिलं. पाहुणा भाजलेला बहुधा डोळ्यांसमोर आला असावा.

"यल्ला, चलो. हटाओ."

ईदला धूर गुमान सरळ वर गेला. स्टोव्हची ऊब सोसावी म्हणून एसी अठरावर होता. मी नोकरीत पक्की झाले, आणि साहेबांनी ऑफिसकडे त्यापुढे येणाऱ्या सगळ्या चिमण्या माझ्याकडे सोपवल्या. निवृत्त होईपर्यंत एकही आली नाही.

तरी सांगून ठेवते: पाइप सरळ न्यावा. वळणं घ्यायचीच, तर ती क्लायंटशी बोलताना.