गारठलेली बॅटरी

माझ्या लेकीची, काव्याची, एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीसाठी ती मान स्थिर धरत नव्हती. एका शेगडीवर दूध, दुसरीवर आंघोळीचं पाणी. उन्हाच्या नावानं वर्षभर खडे फोडणारे आम्ही सोलापूरकर, जानेवारीत चार दिवस गारठा पडला की त्याच्याही नावानं फोडतो. तेवढ्यात कडी वाजली.

दारात सोमलिंग फोटोवाले. कानाला मफलर, गळ्यात कॅमेरा, बोटं आखडलेली.

"वैनी, मागच्या गल्लीतले वीरभद्रप्पा गेले की हो रात्री. अंगणात बसवलंय त्यांना. सगळे खोळंबलेत आन माझी बॅटरी गारठलीया. जुनी हाय, दोन फोटो झाले की मान टाकती. जरा घरात उबेला ठेवता? शेगडीजवळ नको हां, फुटंल. नुसती मुठीत धरली तरी भागतंय."

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. घरचे दोन्ही बाजूंना बसतात आणि शेवटचा फोटो काढला जातो. पुढं तोच भिंतीवर लागतो.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "सोमलिंगा, तो कॅमेरा आत बेडा, आणू नको बरं का! उंबऱ्याबाहेरच ठेव."

"न्हाय आणत, ईरम्मा अक्का. आत तुमच्या पाण्याची वाफ हाय. गार काचेवर बसली की पुसत बसा!"

ते हसले. सासूबाई हसल्या नाहीत. कॅमेरा बाहेरच्या कट्ट्यावर राहिला. कारणं दोघांची वेगळी, आणि एकमेकांची दोघांना ठाऊक. बॅटरी तेवढी माझ्या हातावर आली. काडेपेटीएवढी, आणि बर्फासारखी. मी ती शालीखाली मुठीत धरली. सोमलिंग कट्ट्यावर कॅमेऱ्याशेजारी बसले. चहाला नको म्हणाले.

मूळचे मोडनिंबचे. नवी पेठेतल्या एका स्टुडिओत शिकले, मग स्वतःचा गाळा घेतला. लग्न, बारसं, डोहाळजेवण, सगळीकडे तेच. माझ्या लग्नातला अल्बम त्यांचाच. मग असाच एक हिवाळा. कुणाकडे माणूस गेलं आणि ठरलेला फोटोवाला मयताच्या घरी यायला तयार होईना. तेव्हा सोमलिंग कॅमेरा घेऊन तिथं गेले. बसवलेल्या माणसाची मान कलते, मागून कुणीतरी धरतं आणि तो हात फोटोत दिसतो. त्यांनी हार जरा वर सरकवून तो हात झाकला. फोटो असा आला, की घरची म्हातारी म्हणाली, आत्ता बोलतील बघा. झालं. शेवटचा फोटो सोमलिंगकडूनच, असं पेठेत ठरून गेलं.

आणि त्याच तोंडानं बाकीचंही ठरलं. आधी हळदीचं बोलावणं बंद झालं, मग बारशांचं. एका कार्यालयात नवरीच्या मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "ह्यांना कुणी बोलावलं? इथं कोण गेलंय?" माणसं हसली. पोरं त्यांना मागून मड्याचा फोटोवाला म्हणतात. मागून म्हणजे त्यांना ऐकू जाईल इतक्या मागून. गेल्या वर्षी सख्ख्या भाचीचं, पूनमचं लग्न झालं. बहिणीचा फोन आला, "दादा, जेवायला नक्की ये. कॅमेरा तेवढा आणू नको." ते गेले, पंगतीत जेवले, आहेर केला, परत आले.

आमच्या लिंगायत संतांनी, शरणांनी, सूतक मानलं नाही. तसं सांगणारं त्यांचं वचन आमच्या दिवाणखान्यात चांगल्या चौकटीत लावलेलं आहे.

बॅटरी हाताला कोमट लागली तशी मी ती दिली. त्यांनी खटकन आत सरकवली. कॅमेऱ्याचा पडदा उजळला.

"लागली की! जरा बघू एक काढून."

काव्या तेव्हा दारात आली होती. एक वेणी घातलेली, अर्धे केस मोकळे, कोवळं ऊन तोंडावर. कॅमेरा दिसताच तिनं जीभ काढली. सोमलिंगनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सासूबाईंनी मागून येऊन पोरीचा दंड धरून तिला आत ओढलं.

"शाळेला उशीर होतोय तिला."

"आत्या, बॅटरी तर बघतायत ते," मी सासूबाईंना म्हणाले.

"मग भिंतीचा काढ म्हणावं. भिंत कुठं जात नाही."

सोमलिंगनी खरंच भिंतीचा काढला. मला दाखवला. चुन्याचा पोपडा न् पोपडा स्वच्छ आला होता. मागच्या गल्लीतून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते उठले, मफलर घट्ट केला, पण पायरी उतरेनात. आत काव्या भोकाड पसरत होती.

"वैनी, ह्या कार्डात सगळी गेलेली माणसं हायती, आन आता ही तुमची भिंत. माती देऊन झाली की माघारी ह्याच वाटेनं येतो. पोरीला एकदा बाहेर उभी करा. एकच फोटो काढू द्या. नको वाटला तर तुमच्यासमोर पुसून टाकतो."