काकांच्या जबानीवरची काळी शाई

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की राष्ट्राची सुरक्षा सध्या धोक्यात आहे. हा धोका जबलपुरात, राइट टाउनातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहतो. त्याचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि दुपारी जेवण झालं की तो घोरतो. तो धोका म्हणजे माझी काकू. हे माझं मत नव्हे, सरकारनं तसं लेखी कळवलं आहे. तो कागद मी जपून ठेवलाय आणि आल्यागेल्याला चहाबरोबर वाचून दाखवतो.

काका सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. मी शाळेत असताना आमच्या भागातल्या एका मोठ्या नेत्याला सभेहून परतताना गोळ्या घातल्या. गाडी काका चालवत होते. ठरलेला रस्ता सोडून ती नर्मदेवरच्या ग्वारीघाटाकडून गेली, आणि मारेकरी नेमके तिथेच उभे होते. चौकशी आयोग बसला, काकांची जबानी झाली, अहवाल तयार झाला आणि ‘गोपनीय’ असा शिक्का खाऊन कपाटात गेला. बाहेर एक शब्द बोलायचा नाही, असं काकांकडून लिहून घेतलं होतं. आमच्या घरात याचं कोणाला नवल वाटलं नाही. माझे वडील संरक्षण कारखान्यात होते, आणि तिथे काय बनवता म्हणून विचारलं तर जन्मभर ‘सामान’ एवढंच म्हणाले. काकांनीही तसंच तोंड मिटलं. त्यांना गाडीवरून काढून गॅरेजात बसवलं, तरी बोलले नाहीत. न बोलताच गेले.

गढा या शहरातल्या जुन्या वस्तीतली तोंडं मात्र मोकळी होती. तेव्हा काका-काकू तिथेच राहायचे. ड्रायव्हरनंच रस्ता विकला, असं सगळे म्हणत. काकू दुकानात शिरली की बोलणी थांबायची आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायची.

गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि काकूला नवाच जोर चढला. मला बोलावून म्हणाली, “रस्ता कोणी बदलवला, एवढंच वाचायचं आहे मले. सरकारच्याच कागदावर. मग मी मरायला मोकळी.”

मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मी वर्षानुवर्षं खलनायक करत आलोय. सरकारशी दोन हात करायचा प्रसंग मी थोडाच सोडणार. माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. पहिलं उत्तर आलं, कागद सापडत नाहीत. दुसरं आलं, सापडले, पण दिले तर देशाच्या सुरक्षेला धोका आहे. काकूनं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“काहून? मी काय बॉम्ब बनवून राहिली का इथं?”

घटना वीस वर्षांहून जुनी असली की कायद्यातल्या बऱ्याचशा सबबी गळून पडतात. मी ते कलम लाल शाईनं अधोरेखित करून अपील केलं. बऱ्याच महिन्यांनी जबानीची प्रत आली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ड्रायव्हरनं नेहमीचा रस्ता सोडायला नकार दिला होता, पण सोबतच्या अधिकाऱ्यानं त्याला ग्वारीघाटाकडून जाण्याचा हुकूम दिला. अधिकाऱ्याच्या नावावर काळी पट्टी होती. ड्रायव्हरच्याही नावावर काळी पट्टी.

काकूनं त्या पट्टीवर नख घासून पाहिलं. “हा कागद गढ्यात दाखवला तर म्हणतील, कोणताही ड्रायव्हर असंन.”

पुन्हा अपील. या वेळी सुनावणीला ती स्वतः आली, ऑटोतून, जरीकाठाचं लुगडं नेसून. अपील ऐकणारे साहेब वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड.

“माताजी, समझिए, यह तृतीय पक्ष की निजी जानकारी है.”

“तिसरा कोण आला मधात?” काकू मला म्हणाली. “लग्नात तर आम्ही दोघंच होतो.”

मी शक्य तितक्या गंभीर चेहऱ्यानं हिंदीत भाषांतर केलं. साहेबांनी खोकून दाखवलं. त्या दिवशी ताफ्यात दोन गाड्या होत्या, म्हणून दोन ड्रायव्हर होते, आणि जबानी आपल्याच पतीची हा अपीलकर्तीचा केवळ दावा आहे, असं ते म्हणाले. नाव उघडता येणार नाही. मग ते कोपऱ्यातल्या टायपिस्टला आदेश सांगू लागले.

तेव्हा मी उभा राहिलो. नाटकातला सगळा अनुभव पणाला लावून, हात जोडून म्हणालो की अपीलकर्ती सुनावणीत जे बोलेल ते आदेशात आलं पाहिजे, आणि आदेश तर कोणालाही वाचता येतो. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि वैतागून टायपिस्टला म्हणाले, “लिख लो भाई, जो बोलती हैं.”

टायपिस्टनं मान वर केली. “पति का नाम बताइए, माताजी?”

काकूच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घ्यायचं, नंतर कागदावर लिहायचं, पण जिभेवर आणायचं नाही. अख्ख्या संसारात मी तिच्या तोंडून ‘हे’ आणि ‘तुझे काका’ याखेरीज काही ऐकलं नव्हतं. म्हणून मीच नाव सांगायला तोंड उघडलं. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

खुर्चीचा हात धरून ती उभी राहिली, पदर डोक्यावर ओढला, आणि काकांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. टायपिस्ट पोराची बोटं मागे पडू नयेत म्हणून एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. त्या गाडीचा ड्रायव्हर हाच, आणि रस्ता सोडायला त्यानं नकार दिला होता, तेही एका दमात जोडून टाकलं. साहेब पेनचं टोपण लावत होते, काढत होते. मी टायपिस्टच्या पडद्यावर वाकून पाहिलं. नाव होतं, पूर्ण.

काकू खाली बसली. तिचे कान लाल झाले होते, नव्या नवरीचे व्हावेत तसे. आणि मग, साहेब समोर आहेत याचं काही भान न ठेवता, ती मोठ्यानं बोलून गेली:

“झालं का टाइप, भैया? आता साहेबांना म्हणा, फासा याच्यावर काळं. पाहतेच मी.”