मनकर्णाबाईच्या भिंतीलगतचा पाचोळा

मनकर्णाबाईचा विश्वास फक्त खराट्यावर. माणसांवर तिनं तो कधी ठेवलाच नाही. लेकाच्या नोकरीपायी पिशोर गाव सोडून शहरात, औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत आली, तेव्हा दूधवाला पाणी घालतो, वाणी मापात मारतो आणि शेजारीण गोड बोलते म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. तोंड तर असं, की भांडायला आलेला माणूस फाटकातूनच माघारी फिरायचा.

फाल्गुनात अंगणातला कडुलिंब झडू लागे. दुपारी ती पाचोळा झाडून भिंतीशी ढीग लावी आणि दिवेलागणीला पेटवी. धुरानं डास पळतात, पिशोरला असंच करत.

त्या वर्षी ढीगच गायब होऊ लागला. जरा डोळा लागावा, उठून बघावं तर जागा साफ! आता पाचोळा कोण चोरतं हो? सोनं आहे का ते? पण मनकर्णाबाईला वेगळंच कळलं. अंगणातल्या केरात घरच्यांची पायधूळ असते, अन् पायधूळ लागते ती करणीला. त्यातच नात शकू तापानं फणफणली. गोळ्या झाल्या, सुई झाली, ताप हटेना.

संशय गेला भिंतीपलीकडच्या यमुनाबाईवर. तिचे यजमान केशवराव महिनाभर दारात दिसले नव्हते. या अंगाची खिडकी भर उकाड्यात बंद.

"आत काय मांडून बसलेत, देव जाणे," ती सुनेला म्हणाली. "पाणी मुरतंय सरू. पोरीला काय झालं, तर सोडायची नाय मी!"

"आत्याबाई, लई चांगली माणसं हायेत ती."

"व्हय, तीच चांगली असतात!"

दुसऱ्या दिवशी ती दाराआड दबा धरून बसली. यमुनाबाई गोणपाट घेऊन फाटकातून हळूच आली, भराभर पाचोळा कोंबला, गेली. मनकर्णाबाई आतल्या आत जळत राहिली, पण हाक मारली नाही. करणी करणाऱ्याला टोकलं की बाधा दुप्पट होते, असं तिची आई सांगायची.

संध्याकाळी गल्लीभरचा पाचोळा गोळा करून तिनं त्याच भिंतीशी मोठा जाळ केला. मीठ, मोहरी, मूठभर लाल मिरच्या शकूवरून उतरवून त्यात टाकल्या. मिरचीचा ठसका लागला, तर नजर नाही. नाही लागला, तर बाधा मोठी. सगळे श्वास रोखून उभे. कुणालाच ठसका लागेना! वारा भिंतीकडं वाहत होता, हे तिच्या ध्यानात कशाला येतंय?

तेवढ्यात पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग दुसरी. मनकर्णाबाईला आनंद मावेना.

"उलटली गं सरू! जिची तिच्यावर उलटली!" म्हणत तिनं आणखी मूठभर मिरच्या टाकल्या.

यमुनाबाई अनवाणी धावत आली. "विझवा हो ते! यांचा दमा... श्वासच येत नाहीये. तुम्हाला सांगायची हिंमत होईना, म्हणून मी रोज पाचोळा उचलून नेत होते."

मनकर्णाबाई घागरीकडं धावली. तिनं घागर उपडी केली, तर ओल्या पाचोळ्याचा धूर आणखीच दाटला. मग ती हातांनीच माती लोटू लागली.

लेकानं पळत जाऊन रिक्षा आणली. केशवरावांना त्यानं अन् रिक्षावाल्यानं उचलून बसवलं. ओठ निळे पडले होते. मनकर्णाबाई शेजारी चढली आणि रडत रडत पदरानं वारा घालू लागली. केशवराव तिच्यापासून तोंड फिरवायला धडपडले, छाती भात्यासारखी हलू लागली.

"मनकर्णाबाई, उतरा," यमुनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या लुगड्याला मिरचीचा धूर आहे."

मनकर्णाबाई उतरली.