निंबटाकळीची तांब्याची खाण

निंबटाकळीला तांब्याची खाण सापडली ती माझ्या सायकलीला ब्रेक नव्हता म्हणून.

पस्तीस सालचा श्रावण होता. मी बावीस वर्षांचा, निजामाच्या मुलखातल्या त्या गावी नुकताच आलेला मास्तर. गाव परतूर स्टेशनापासून पाच कोसांवर. जालन्याच्या बाजारात मी एक जुनी सायकल घेतली. विकणाऱ्याने घंटी इतकी गोड वाजवून दाखवली, की बाकीची सायकल बघायची राहूनच गेली. गावाबाहेर एक थोराड चिंच होती आणि तिच्या अलीकडे उतार. उताराच्या ऐन मध्यावर म्हैस आडवी उभी. मी घंटी वाजवली. म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण हलली नाही. तिला वाचवण्याच्या नादात मी चिंचेमागच्या घळीत, गुडघाभर चिखलात पालथा पडलो.

बाहेर आलो तर धोतर हिरवं. शेवाळाचं मळकट हिरवं नव्हे, मोराच्या मानेसारखं हिरवंनिळं. परटाने ते तीनदा भट्टीला घातलं आणि चौथ्यांदा परत आणून दिलं. म्हणाला, “मास्तर, रंग लई इमानदार हाये. जात न्हाई.”

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण औरंगाबादच्या ट्रेनिंग शाळेत मी शास्त्र हा विषय शिकलो होतो, म्हणजे त्यात पास झालो होतो. तांब्यावर हिरवा गंज चढतो, एवढं मला आठवलं. मी चहाच्या रिकाम्या डब्यात घळीतली माती भरली, माझ्या उत्तम उर्दूत एक दरख्वास्त लिहिली आणि दोन्ही हैदराबादेला धाडली. दीड महिन्याने जवाब आला. मातीत तांबं आहे, आणि चांगलंच आहे. अफसर पाहणीला येतील.

तो कागद मी चावडीवर वाचून दाखवला आणि गावाचं कामधाम सुटलं. पाहणी व्हायच्या आधीच खाणीचा आराखडा तयार झाला. परतूरहून रेल्वेचा फाटा कुठून यायचा, यावर दोन भाऊबंदांत अबोला झाला. रखमाजी पाटलांनी स्टेशनाला आपल्या वडिलांचं नाव सुचवलं आणि दुसऱ्या कोणी सुचवायच्या आत ते मंजूरही केलं. दवाखाना, बाजार, धुराडं, कामगारांच्या चाळी, सगळं काडीने धुळीत आखून झालं. शेळ्या त्यावरून गेल्या की पुन्हा आखत. मला तर लोक ‘खाणवाले मास्तर’ म्हणून वाट द्यायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

घळीत नेहमी कोण काय ओततं, हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसाच्या डोक्यात खाण शिरली की खड्ड्याचा जुना धनी बाहेर निघतो. बायांना आठवलं असेलही. त्यांना विचारायला कुणाला सवड होती?

तो धनी म्हणजे चांदपाशा कल्हईवाला.

चांदपाशा जालन्याच्या मस्तगडचा. दरसाल दसरा झाला की तो आणि त्याची बायको नूरबी गाढवावर भाता, कथील, नवसागर आणि एक कोंबडी लादून निघायचे आणि गावं घेत घेत निंबटाकळीला यायचे. चिंचेखाली त्यांचा पंधरा दिवस ठिय्या. त्याआधी त्याचा बाप तिथेच बसायचा. चांदपाशा उंच, काटकुळा, आणि त्याच्या दाढीत कायम नवसागराच्या धुराचा वास. हंडा घासायची त्याची तऱ्हा बघण्यासारखी. हंड्यात वाळू आणि तेजाबाचं पाणी टाकायचं, फडकं घालून अनवाणी आत उभं राहायचं, चिंचेची फांदी धरायची आणि कमरेतून असं गिरकायचं की पंचमीचा झिम्मा आठवावा. पन्नाशीचा दाढीवाला माणूस हंड्यात उभा राहून झिम्मा खेळतोय, आणि समोर नूरबी गंभीर चेहऱ्याने भाता मारतेय. मग भांडं निखाऱ्यावर तापायचं, नवसागराचा पांढरा लोट उठायचा, कथलाचं बोट फिरायचं आणि कापसाच्या बोळ्याचा एकच हात. आत चंद्र उगवल्यासारखं व्हायचं. शाळेची पोरं मधल्या सुट्टीत तो चंद्र बघायला पळायची आणि सुट्टी संपल्यावर त्यांना आणायला मी जायचो. मग आम्ही सगळेच उशिरा परत यायचो.

त्याला पाणी लागायचं. ते सगुणाबाईच्या विहिरीचं. चिंचेला लागूनच तिचं सहा एकर रान. नवरा पटकीत गेल्यापासून ती एकटी कसायची, आणि असं कसायची की पाटलांच्या रानाने खाली मान घालावी. जीभ मात्र विळ्यासारखी. तिचा आणि चांदपाशाचा करार जुना होता. विहीर तिची, म्हणून पहिली कल्हई तिच्या घागरीला. ती त्याला चांदभाऊ म्हणायची आणि तो तिला सगुणाआक्का. भांडण दोघांचं रोज. तो पाणी सांडतो, आणि हिची घागर चेपलेली आहे, हे दोन विषय त्यांना दहा वर्षं पुरले होते.

गावातल्या बाकी बायांचं चांदपाशाशी एकच भांडण, पण मुळातलं. त्यांना पक्का वहीम, की हा घासता घासता आमचं तांबं खरवडून नेतो. पाटलीण झुंबरबाई हंडा परत घेताना दोन्ही हातांनी तोलून बघायची आणि म्हणायची, “हलका लागून राह्यला, चांदपाशा.” त्यावर तो डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा, की तुमच्या तांब्याचा गुंजभर कण गेला असेल तर माझे हात झडतील. बाया शपथेवर विश्वास ठेवायच्या आणि वहीमही ठेवायच्या. पण त्या शपथेवरच त्याचा धंदा चालायचा. बारा गावांतली भांडी त्या एका शपथेवर त्याच्या स्वाधीन व्हायची.

त्या साली चांदपाशा आला तो नेमका पाहणीच्या साहेबांच्या पाठोपाठ.

गयासोद्दीन साहेब भला माणूस होता. चष्मा, छत्री, गुंडाळलेला नकाशा. त्यांनी घळीतली माती चिमटीत घेतली, हुंगली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चुन्याची फक्की मागवली. चिंच मध्ये धरून बारा एकरांची चौकट आखली. त्यात सगुणाबाईचं अख्खं रान गेलं, विहिरीसकट. खाणीचं तोंड तिथेच. हुकूम असा, की खोदून निकाल लागेपर्यंत, मग साल लागो की दोन सालं, चौकटीच्या आत पेरणी बंद. पुढे जमीन सरकारात जाईल आणि बाईला माळावर दुसरी मिळेल.

तेव्हा ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते. वाफसा आलेला, सगुणाबाईने बी काढून ठेवलेलं. ती चुन्याच्या रेघेपाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता विळा चालणार. पण ती नुसती त्या रेघेकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, “मास्तर, तुमच्या शाळंत उतारावं पडू नये आसं शिकवीत न्हाईत का?”

त्या दिवसापासून चिंचेकडून जाताना मी सायकल हातात धरून न्यायचो. आणि चालताना माझ्या लक्षात आलं, की चांदपाशाची भट्टी थंड आहे. पहिल्या दिवशी थंड, दुसऱ्या दिवशीही थंड. घागरी-हंड्यांची रांग लागलेली. चांदपाशा चिंचेच्या बुंध्याला टेकून चुन्याच्या रेघेकडे बघतोय. नूरबी भात्याशेजारी हात बांधून बसलेली, तोंड दुसरीकडे. मी विचारलं, तब्येत बरी नाही का? तो म्हणाला, “बराबर हाये, मास्तर.” माणूस काहीतरी मोठा विचार करतोय असं मला वाटलं. मास्तर लोकांना दुसरा माणूस गप्प दिसला की तो विचार करतोय असंच वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे सभा. साहेबांनी नकाशा पसरला. रखमाजी पाटील स्टेशनाचं नाव कागदावर आलं का ते वाकून बघत होते. बाया पदर सावरून भिंतीला उभ्या. इतक्यात चांदपाशा आला. काखेत सगुणाबाईची चेपलेली घागर, हातात तेजाबाची बाटली. सगळ्यांच्या मधोमध तो बसला. घागरीत वाळू टाकली, तेजाबाचं पाणी टाकलं, फडक्याने खसाखसा घासलं. मग माझ्याकडे वळून खांद्यावरचं उपरणं मागितलं. मी दिलं. त्याने घागरीतला गदळा त्यावर ओतला आणि उपरणं उन्हात धरलं.

आम्ही सगळे बघत राहिलो. थोड्या वेळाने कडेने रंग फुटायला लागला. मोराच्या मानेचा.

“हुजूर,” चांदपाशा म्हणाला, “तुमची खाण म्हंजी मी. माझ्या आधी माझा बाप. चाळीस सालं झाली, घासून त्याच घळीत वतून राह्यलो. दोन हात खाली खांदा, नुसता काळा दगड लागंल. आन् ते तांबं जमिनीतलं न्हाई. या बायांच्या भांड्यांतलं हाये.”

पाटलांच्या अडकित्त्यात सुपारी कटकन फुटली. मग झुंबरबाईचा आवाज आला. मोठा नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

“तरी मी म्हणून राह्यले. आन् तुझी शपथ रे?”

चांदपाशा म्हणाला, “झूट होती, पाटलीणबाई. चोरलं न्हाई कंदी. पण घासलं की जातं. जरा जरा जातं.”

गयासोद्दीन साहेबांनी त्याच दुपारी खोदून पाहिलं. दीड हातावर काळा दगड. मग बारा एकरांत चार ठिकाणी खोदलं, तिथे एक हातावरच. साहेबांनी नकाशा गुंडाळला, मला जवळ बोलावलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, की आपण शास्त्र कुठे शिकलात. मी सांगितलं नाही. शाळेची बदनामी कशाला? जाण्याआधी त्यांनी मोडीत निघालेला हुकूम सगुणाबाईच्या हातात दिला. तिने तो तिफणीच्या बी सोडायच्या चाड्याखाली घडी करून घातला आणि दिवस मावळायच्या आत दोन एकर पेरून टाकलं.

चांदपाशाची भांड्यांची रांग मात्र तासाभरात उठली. एकेक बाई आली, आपला हंडा उचलला आणि चालती झाली. मागे राहिली ती सगुणाबाईची एक घागर. नूरबी भात्यावर बसली. भाता असा काही चालला, की एका घागरीसाठी नव्हे, साऱ्या परगण्याची भांडी आहेत असं वाटावं. घागर लखलखीत करून त्यांनी गाढव लादलं. मी वेशीपर्यंत गेलो, हिरवं उपरणं खांद्यावर. निरोप म्हणून मी कोंबडीची चौकशी केली.

बातमी बारा गावांत पसरली. पुढच्या दसऱ्याला निंबटाकळीच्या चिंचेखाली कुणी बसलं नाही. पण कल्हई ही फार मानी गोष्ट आहे. आहे तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि उडाली की ती जेवणाच्या ताटात येऊन बसते. त्या साली निंबटाकळीत ताक कळकलं, आमटी कळकली, पाटलांच्या घरच्या पुरणाच्या सारालाही निळसर झाक आली. जावई जेवून उठले ते सरळ परसाकडे पळाले. दुसऱ्या वर्षी खुद्द झुंबरबाईने जालन्याला सांगावा धाडला, की ये, पण हळू घास.

तो आला. चिंचेखाली या खेपेला एक नवी वस्तू होती. पाटलिणीने घरून आणवलेला तराजू. प्रत्येक हंडा घासायच्या आधी तोलायचा आणि नंतर तोलायचा. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी बाया तराजूला कंटाळल्या आणि पुन्हा हातांनीच तोलून “हलका लागून राह्यला” म्हणायला लागल्या. चांदपाशा आता शपथ घ्यायचा नाही. “लागणारच,” म्हणायचा. आणि का कोण जाणे, भांडी पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागली.

मग माझी बदली झाली. बदल्या होतच राहिल्या. सेहेचाळीसच्या थंडीत एकदा जालन्याला उतरलो होतो, तेव्हा मस्तगडात विचारत विचारत त्याच्या घरी गेलो. चांदपाशाची दाढी आता कल्हईसारखी झाली होती. गावोगाव हिंडणं सुटलेलं. बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी आली होती, त्यांना ना कल्हई लागते ना चांदपाशा. अंगणात गाढव नव्हतं. भाता मात्र भिंतीला टेकवून ठेवलेला, चामड्याला तेल लावलेलं. नूरबी आत चहा टाकत होती. सगुणाबाई अजून भांडते का, त्याने विचारलं. मी म्हणालो, ज्वारी छान पिकते, असं ऐकलं. तो हसला.

इतकी वर्षं मनात राहिलेलं मी शेवटी विचारलं. म्हटलं, चांदपाशा, ते दोन दिवस भट्टी थंड ठेवून तू बसला होतास, तेव्हा आपली शपथ, आपला धंदा, बारा गावं, सगळं एका पारड्यात टाकून एवढं मोठं धाडस करायचं कसं ठरवलंस? मी हे असं सविस्तरच विचारलं. त्यावर एखादं चांगलं वाक्य मिळेल, कुठेतरी लिहिता येईल, असा माझा डाव होता.

चांदपाशाने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “ठरवलं कुठं, मास्तर, खरं बोलत न्हाई तवर नूरबी भाता मारंना.”