माधवनं दिलेली सुई

भूकंप झाला तेव्हा आमची फौजेची कंपनी सिकंदराबादला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर जिल्ह्यात पोचलो. प्रेतांत काम करायचं म्हणून आधी प्रत्येकाला लस. देणारा आमचा नर्सिंग असिस्टंट, नायक माधव. भोकरचा, माझा जिगरी. ट्रक सुरू होता, सुभेदारसाहेब ओरडत होते. मी शर्ट काढलाच नाही, नुसती कॉलर खाली ओढली. सुई दंडाऐवजी वर, डाव्या खांद्याच्या सांध्यातच बसली.

"दुखलं का रं?"

"मुंगी चावली."

दुपारी डावा हात वर जाईना. पण सुईपायी रिपोर्ट सिक करून आजाऱ्यांत नाव कोण घालणार? पोरं हसली असती. गप्प राहिलो.

चारच्या सुमारास पुन्हा हादरा बसला. माधव एका म्हातारीला पट्टी बांधत होता. घराचं मातीचं माळवद त्याच्यावर आलं. जवळ मी एकटाच. उजव्या हातानं वासा हलला, पण उचलला गेला नाही. वायरलेसवर ओरडलो.

"अपना आदमी दबा है. जैक भेजो. ओव्हर."

"दस मिनट. ओव्हर."

जॅक आला तोवर माधव गेला होता. त्याच्या बायकोला मी सांगितलं, सगळ्यांनी मिळून लई ओढलं. त्यानंतर तिच्याकडं गेलोच नाही.

खांदा आखडला तो आखडलाच. फौजेनं घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. खांद्याचा नोकरीशी संबंध नाही म्हणे. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, मी एका क्लासच्या गेटवर वॉचमन लागलो. माधवची बायको जवळच क्लासच्या पोरींची मेस चालवायची. मी वळसा घालून जायचो.

एका वकिलांनी दावा घेतला. म्हणाले, "लसीमुळंच झालं हे दाखवू. पण हात त्याच दिवशी गेला, हे शपथेवर सांगावं लागंल. अन् शर्ट काढला नव्हता हे बोलू नका, चूक तुमचीच ठरंल."

त्याच दिवशी. म्हणजे मी खोटं सांगितलं होतं, हे माधवच्या बायकोला, वहिनींना, कळणारच. आधी मेसवर गेलो, दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"एका हातानं उचलाया गेलाव ना, भाऊजी?"

"हाव."

"मग त्याची कशाला लाज? रोज माझं दार चुकवून जाताव, त्याची वाटू द्या."

मी चपला काढून आत गेलो, तारखेचं सांगितलं.

फौजेच्या ट्रिब्युनलमध्ये दाव्याच्या सुनावणीला वहिनी माझ्या मागच्याच बाकावर बसल्या. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, लस कुणी दिली?

"नायक माधवनं. त्याची चूक नव्हती, साहेब. मी शर्ट काढला नव्हता."

वकिलांनी कपाळाला हात लावला.

"तो साक्षीला येईल?"

"नाही, साहेब. त्याच दिवशी गेला. मी जवळ होतो. माझा एकच हात चालत होता."