धोत्र्याची गोदूबाई

निडी गावात कुणालाही गोदूबाईचं घर विचारलं की आधी उलटा प्रश्न यायचा, "धोत्र्याची गोदूबाई का?" गावात त्या नावाची दुसरी बाई नव्हती, तरी हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिच्या घरामागं, गोठ्याच्या भिंतीलगत, पांढऱ्या फुलांचा धोत्रा वाढायचा. तो तिनं लावला नव्हता. तिच्या सासूनं, सीताबाईनं, तो कुणाला तोडू दिला नव्हता एवढंच.

गोदूबाई लग्न होऊन आली तेव्हा भाताची झोडणी चालली होती. खळ्यात भुसा उडायचा आणि सासऱ्याचा दमा उसळायचा. तो ओटीवर भिंतीला टेकून बसायचा, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंडातून शब्द फुटत नसे. सीताबाई धोत्र्याचं वाळलं पान निखाऱ्यावर टाकायची आणि धूर सुपानं हळूहळू त्याच्याकडे सारायची. थोड्या वेळानं छातीतली शिटी कमी व्हायची, म्हातारा पाणी मागायचा. नव्या सुनेला ती जादूच वाटली.

"जादू कसली गो," सीताबाई म्हणाली. "जुनं औषध हाय. माझ्या लहानपणी दमेकऱ्यांसाठी ह्याच पानांच्या सिगारेटी शहरात दुकानावर मिळायच्या. धूर छातीला, गरम पान सुजेला, फळ महादेवाला. पण पोटात द्यायचं नाय. कितीबी कुणी हात जोडले तरी नाय."

आणि मग तिनं आपल्या बापाची गोष्ट सांगितली. तो पेणच्या आगरातून मीठ भरून बैलगाडीनं रोह्याकडे यायचा. वाटेत एक गोडबोल्या माणूस सोबतीला आला. त्यानं गूळ दिला, त्यात धोत्र्याचं बी होतं. त्या काळी वाटसरूंना असं लुबाडणारे असायचे. बैल गेले, मीठ गेलं. बाप सापडला तो एका शेतात, हवेतले दोरे वेचत, आंब्याच्या झाडाशी तावातावानं भांडत. तो जगला, पण पुढं कधी एकटा वाटेला लागला नाही.

सासू गेल्यावर लोक गोदूबाईकडे येऊ लागले. कुणी दम्यासाठी, कुणी गुडघा सुजला म्हणून. ती पान द्यायची आणि सासूचे शब्द जसेच्या तसे बजावायची. पुढं तोंडात मारायचे पंप आले, रोह्यात दवाखाने वाढले. येणारे कमी झाले. गोदूबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या नवऱ्याला, हैबतरावाला, बापासारखाच दमा होता, आणि त्याच्यासाठी तिनं स्वतःच डॉक्टरांकडून पंप आणला होता. आता परसात वर्दळ व्हायची ती महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, फळांसाठी.

शांती तिची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, विशाल. तो कंपनीत कंत्राटावर होता. एका पावसाळ्यात पेणहून मोटारसायकलवर परतताना रामवाडीजवळ त्याला ट्रकनं उडवलं. घरी आणला तेव्हा तोंडावरचं फडकं शांतीला कुणी काढू दिलं नाही. त्या दिवसापासून ती रडली नाही. कामं करायची, विचारलं तर व्हय-नाय करायची. गोदूबाई रोज जाऊन तिच्याजवळ बसायची, कधी तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची.

वर्ष सरत आलं तसे शांतीचे गुडघे सुजले. गोदूबाईनं पानं दिली. "गरम करून बांध. पोटात नाय घ्यायचं, ऐकतेस ना?"

"ऐकतंय," शांती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शांतीची धाकटी बहीण नूतन रोह्याजवळच्या वरसे गावाहून आली. बहिणीचे पाय बघून तिचा जीव कळवळला. ह्याच पानाचा काढा सांध्यांना चांगला, असं तिनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं. तिनं काढा केला आणि प्रेमानं पाजला. शांतीनं पेला रिकामा केला.

दुपारी आरडाओरडा ऐकून गोदूबाई धावली. शांतीचं घर माणसांनी भरलं होतं. शांती चुलीपुढं बसली होती. तोंड लालबुंद, ओठ कोरडे पडलेले, डोळ्यांतली बुबुळं एवढी मोठी झालेली की डोळे नुसते काळेच दिसत होते. समोर रिकामं ताट होतं आणि त्यात ती रिकाम्या हातानं भात वाढत होती.

"घे रे, अजून घे," ती म्हणत होती. "किती वाळलास!"

कुणीतरी म्हणालं, वारं आलंय. एकीनं उदबत्ती लावली, दुसरी भगताला बोलवायला निघाली. गोदूबाईनं शांतीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नव्हता.

"वारं नाय हे," ती ओरडली. "हिच्या पोटात धोत्रा गेलाय. " मग ती दारात उभ्या रिक्षावाल्या पोराला म्हणाली, "जितेश, रिक्षा काढ!"

रिक्षात नूतननं काढ्याचं सांगून टाकलं. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा ती शांतीला धरून बसली होती. गोदूबाईनंच सगळं सांगितलं, पानं आपण दिली हेसुद्धा. बाईंनी आधी उपचार सुरू केले. शांती वाचल्यावर गोदूबाईला बाजूला बोलावून त्या शांतपणे म्हणाल्या, "मावशी, घरातून पान बाहेर गेलं की त्याचं पुढं काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. यापुढं कुणालाच देऊ नका."

"नाय देणार," गोदूबाई म्हणाली. तिला ते पटलं होतं.

गावात मात्र काढ्याची गोष्ट मागं पडली आणि गोदूबाईनं शांतीला धोत्रा घातला एवढंच उरलं. नूतनही तेच सांगत होती. गोदूबाई कुणाशी वाद घालायला गेली नाही.

शांती घरी आल्यावर काही दिवसांनी आपल्या पायांनी गोदूबाईच्या परसात आली. पुष्कळ दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

"काकी, तो आलता गो."

गोदूबाईच्या हातातली केरसुणी थांबली. "कोण?"

"विशाल. अंगावर निळा शर्ट होता. तोंडाला काय सुदिक झालं नव्हतं त्याच्या. गुमान जेवला."

"शांते, तो नव्हता गो. ते विष होतं."

"विष तर विष. पण दिसला ना मला." तिनं गोदूबाईचा हात धरला. "एकदाच दे. त्याच्याशी बोलायचं राहिलं. मी तुझं नाव कुणाला सांगणार नाय."

"मरशील तू."

शांतीनं हात सोडला. तिची नजर गोठ्याच्या भिंतीकडे होती.

शांती घरी गेल्याबरोबर गोदूबाईनं कोयता घेतला आणि धोत्रा मुळासकट उपटून जाळला. हैबतरावाला तिनं आधी धुरापासून लांब, पुढच्या ओट्यावर पाठवलं. सासूनं एवढी वर्षं राखलेली झाडं जळताना तिला रडू आलं. मग ती पाणंदीत गेली, तिथली झाडं उपटली. पण रेल्वेच्या भरावावर होता, स्मशानाच्या वाटेवर होता, जुन्या खळ्यात होता. एकट्या बाईनं किती ठिकाणी पुरं पडावं?

तिनं वरशाला जाऊन नूतनला सगळं सांगितलं. नूतननं दारातच तोंड फिरवलं होतं, पण विशाल दिसला हे ऐकल्यावर ती उंबऱ्यावर बसली.

"पुन्हा मागतेय ती?"

"व्हय. तिला तुझ्याकडं आण. एकटी सोडू नको."

नूतननं बहिणीला वरशाला नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, ती घेऊन नूतननं तिला मनाच्या डॉक्टरांकडेही नेलं. गोळ्या सुरू झाल्या. शांती जेवायची, झोपायची, भाचीची वेणी घालायची. हळूहळू सगळ्यांना वाटलं, निभावलं. पानं खुडायला तिला कुठं जाऊ देत नव्हते. दारात धोत्र्याचं एक रोपटंही नव्हतं.

महाशिवरात्रीला नूतन तिला देवळात घेऊन गेली. बायकांची रांग होती. पिंडीवर बेल, पांढरी फुलं आणि धोत्र्याच्या काटेरी फळांचा ढीग. शांती म्हणाली, "तू हो पुढं, मी जरा बसतंय." देवळातच तर बसतेय, असं नूतनला वाटलं. घरी आल्यावरही शांतीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नूतन बाजारातून आली तर घरात वालाच्या बिरड्याचा वास होता. शांतीनं कधी नव्हे तो सगळा स्वयंपाक केला होता, दोन पानं वाढली होती. ती भिंतीला टेकून कुणाशी तरी बोलत होती, हसतही होती. नूतननं हाक मारली, पण ती शांतीपर्यंत पोचली नाही. दवाखान्यात तिचं हृदय थांबलं.

गोदूबाई अंत्ययात्रेला गेली. आता कुणी काही बोलेल म्हणून ती मागंच उभी होती. नूतनच तिच्याजवळ आली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.

"तू सांगितलं होतंस काकी. मीच बसवली तिला देवळात."

"देवळात कोण कुणावर नजर ठेवतं गो," गोदूबाई म्हणाली. याहून दुसरं सांत्वन तिला सुचलं नाही.

पुढच्या पावसात गोठ्याच्या भिंतीलगत पुन्हा कोंब आले. मातीत बी पडून राहिलेलं असणार. गोदूबाई रोज सकाळी वाकून ते उपटायची, तिची कंबर धरायची. महाशिवरात्रीला बायका फळं मागायला आल्या तर ती बेल आणि दुधाचा गडवा देऊन पाठवायची. काही जणी नाराज व्हायच्या.

नूतन अधूनमधून निडीला येते, बहिणीचं घर झाडते आणि मग गोदूबाईकडे बसते. दोघी वाल सोलतात. एकदा नूतननं विचारलं, "शेवटी तो तिच्याशी बोलला असेल का गो?"

गोदूबाईनं हातातला वाल सोलून टाकला. व्हय म्हटलं असतं तर नूतनला बरं वाटलं असतं, हे तिला कळत होतं.

"मला म्हायत नाय," ती म्हणाली आणि सोललेले वाल ओंजळीनं नूतनच्या पिशवीत भरू लागली.